आठ पायांचा साप

त्या दिवशी सकाळी बन्सीधररावांनी हौदातून पाणी काढायचं मनावर घेतलं नसतं, तर पुढचं काहीएक झालं नसतं. इतकी वर्षं नव्हतं घेतलं, काही अडलं नव्हतं. पण घरात धोंड्याचं जेवण होतं. अर्पिताच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना, जावईबापू सेलूहून मोटारसायकलवर निघाल्याचा फोन येऊन गेलेला, स्वयंपाकघरात बायनाबाईंचं पुरण गॅसवर रटरटायला लागलेलं, आणि बन्सीधरराव नवी टोपी घालून ओसरीवर नुसते येरझारा घालत होते.

"आवं, जमीन झिजंल," आतून बायनाबाई म्हणाल्या. "बसा की एका जागी."

"मी पाणी आणतो," बन्सीधरराव म्हणाले.

आत क्षणभर पुरणसुद्धा रटरटायचं थांबलं. "काय आणता?"

"पाणी. हौदातून. एक बादली."

"बरं हाय ना तुमाला?" बायनाबाईंनी काळजीनं विचारलं.

आता बरं नसायला काय झालं? पण या माणसाची घरात ख्यातीच तशी. बन्सीधरराव हायस्कुलात क्लार्क. ताडकळसच्या रस्त्यावरचं आडबाजूचं गाव, गावात एकच हायस्कूल, त्यातही ते पाठीमागच्या खोलीत बसायचे. स्वभावानं गरीब, पण भित्रे म्हणजे इतके की कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच कानावर हात ठेवायचे. घरातल्या घरात हे चालून गेलं असतं. पण अर्पिताच्या लग्नात, भर मांडवात, बँडवाल्यांनी त्यांच्या पाठीमागे सुतळी बॉम्ब लावला. बन्सीधररावांनी जी उडी मारली ती थेट व्याह्यांच्या गळ्यात. व्याह्यांचा फेटा उडाला, व्याही बसले, बन्सीधरराव त्यांच्या मांडीवर. हे सगळं शूटिंगमध्ये आलं. सेलूला जावयाच्या घरी दिवाळी असो, बारसं असो, पाहुणे जमले की ते शूटिंग लावतात. एकदा सरळ लावतात, मग मागं घेऊन हळू करून लावतात.

आणि जावई कोण? महारुद्र. सेलूला मोबाईलचं दुकान आहे, पण ते आपलं नावाला. खरा धंदा साप धरायचा, तोही फुकट. मोटारसायकलच्या मागे लाल अक्षरात 'सर्पमित्र महारुद्र' लिहिलेलं. कुणाच्या कडब्यात निघाला, कुणाच्या न्हाणीत निघाला, की हा दुकान उघडं टाकून पळाला. फोनवर त्याचा फोटो बघावा तर गळ्यात धामण, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू लग्नातला हार घातलाय. अशा माणसाचा सासरा कुकरला भितो, हे दुःख बन्सीधररावांना आतून पोखरत होतं. आदल्या दिवशी अर्पिताचा फोन आला तेव्हा ती हळूच म्हणाली होती, "पप्पा, यावेळी तेवढं... सांभाळा बरं का." त्या 'तेवढं'नं बिचाऱ्याला रात्रभर झोप लागली नव्हती. यावेळी आपण ताठ चालायचं, मोठ्यानं खाकरायचं, घरातली कामं गड्यासारखी करायची, असं ठरवून ते उठले होते. म्हणून ती बादली.

हौद घराच्या मागच्या अंगणात. छातीएवढा खोल, सिमेंटचा, वर पत्र्याचं झाकण. गावाला नळ येतो आठ-दहा दिवसांनी, तोही आला तर, म्हणून घर लहान असलं तरी चालतं, हौद मोठा पाहिजे. कालच नळ आला होता आणि हौद काठोकाठ भरला होता. त्या हौदावर बायनाबाईंचा जीव. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, अंघोळीचं पाणी लिंबाच्या झाडाला, आणि सख्खा भाऊ भाऊबीजेला आला तर त्यालाही त्यांनी चूळ लिंबाच्या बुडातच भरायला लावली होती. पाण्यात डास होऊ नयेत म्हणून दवाखान्यातल्या बाईंनी दिलेले गप्पी मासे हौदात सोडलेले. म्हणजे नवीन पाणी येईपर्यंत धोंड्याचं जेवण, पाहुणे, धुणं, भांडी, सगळ्या घराचा जीव त्या हौदात होता. एवढं ध्यानात ठेवा.

बन्सीधररावांनी मोठ्यानं खाकरून पत्रा बाजूला सारला.

पाण्यावर कोळी बसला होता.

घरात भिंतीवर असतो तसला किरकोळ नव्हे हो. पसरलेल्या तळहाताएवढा. तपकिरी, केसाळ, दोन्ही कडांनी पांढरा पट्टा ओढलेला. मागचे पाय हौदाच्या भिंतीला टेकवलेले आणि पुढचे पाण्यावर ठेवून निवांत बसलेला. बुडत नव्हता, पोहत नव्हता, पाण्यावर नुसता बसला होता. आणि तोंडात एक गप्पी मासा, शेपटी अजून हलतेय. (कोळ्याला आठ डोळे असतात म्हणे. बन्सीधररावांना ते आठही आपल्यावरच रोखलेले दिसले.)

मग बन्सीधरराव ओरडले. कसं सांगावं? शेजारच्या अंगदची म्हैस दाव्याला हिसका देऊन उभी राहिली आणि लिंबावरचे कावळे पार देवळापर्यंत गेले. हातातली बादली दोरासकट हौदात पडली, नवी टोपी मागे पडली, आणि बन्सीधरराव चार पावलं उलटे पळून लिंबाच्या खोडाला पाठ लावून उभे राहिले.

आणि बघा नशीब कसं असतं. नेमकी त्याच वेळी दारात मोटारसायकल थांबली.

"मामा! काय झालं मामा?" महारुद्र बुटांसकट घरातून धावत मागच्या अंगणात आला. त्याच्या मागे अर्पिता, मोटारसायकलवरच्या उन्हानं लाल झालेली. त्यांच्यामागे पुरणानं भरलेले हात घेऊन बायनाबाई.

बन्सीधररावांच्या ओठांवर 'कोळी' आलं होतं. आलेलं त्यांनी गिळलं. समोर जावई उभा, कमरेला साप धरायची काठी. त्याला काय सांगायचं? तुझा सासरा कोळ्याला बघून बोंबलला? उद्या सेलूला शूटिंगच्या शेवटी तोंडानं हेही जोडून सांगतील. बन्सीधररावांनी एकदा लेकीकडे बघितलं. ती आधीच खाली मान घालायच्या बेतात होती.

"साप," बन्सीधरराव म्हणाले.

बस्स. एवढंच म्हणाले. साप म्हटला की माणसाचं ओरडणं माफ असतं, एवढाच बिचाऱ्याचा हिशेब. साप होता, आता गेला, चला जेवायला, असं करून मिटवून टाकू. पण ज्याच्यासमोर म्हणाले तो कोण होता, हे घाबरण्याच्या भरात राहूनच गेलं.

महारुद्रचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. "साप? खरंच? मामा, तुमच्या घरी? वा!"

"कुठं होता?" बायनाबाईंनी विचारलं.

"हौदात. पाण्यावर."

"पाण्यावर म्हंजे? पवायला होता?"

"न्हाई... बसला होता."

बायनाबाईंनी नवऱ्याकडे नीट बघितलं. मग हौदाकडे बघितलं. मग पुन्हा नवऱ्याकडे. "बरं," म्हणाल्या, आणि पुरणाकडे निघून गेल्या.

महारुद्र हौदावर वाकला. पाण्यात काहीच नव्हतं. कोळी (हा प्राणी पाण्याखालीही दम धरून बसतो, हे बन्सीधररावांना कुठून ठाऊक?) कुठंतरी बुडी मारून बसला होता.

"दिवड असंल मामा, पाणसाप. काही करत न्हाई. रंग कसा होता?"

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं हेच वांधं असतं. त्याला नवीन सुचत नाही, तो खऱ्यातलंच उचलून देतो. "तपकिरी," बन्सीधरराव म्हणाले. "कडंनं पांढरा पट्टा."

"पट्टा? दिवडीला पट्टा नसतो. किती लांब?"

बन्सीधररावांनी चुकून तळहात दाखवला, मग घाईघाईनं कोपरापर्यंत नेला.

"एवढाच? पिल्लू म्हणावं तर... जाड किती?"

"पोट जाड. बाकी बारीक. तोंडात मासा. अन् केस..."

"केस?"

"केसभर हालला न्हाई म्हणायलो मी! जागचा हालला न्हाई!" बन्सीधररावांनी कसंबसं जोडलं.

महारुद्रनं फोन काढला. परभणीच्या एका दोस्ताला लावला, सगळं वर्णन सांगितलं. दोस्तानं दुसऱ्याला जोडून घेतलं. तपकिरी, बुटका, पोट जाड, कडंनं पांढरा पट्टा, पाण्यावर बसतो, पोहत नाही. दोघांनीही वर्णन पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. मग महारुद्रनं फोन खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी सासऱ्याचे खांदे धरले. त्याचे डोळे भरून आले होते.

"मामा, असा साप आपल्या जिल्ह्यात न्हाई. महाराष्ट्रात न्हाई. मामा, तुमी नवीन जात बघितलाव!"

"मी?"

"आन् एकट्यानं! हातात काठी न्हाई, काही न्हाई!"

एव्हाना म्हशीला शांत करून अंगद आला होता. भला माणूस, पण गावातली कुठलीही गोष्ट त्याच्या तोंडी लागली की दुप्पट होऊन बाहेर पडते. "विषारी असंल का हो पाव्हणं?"

"नवीन जात म्हटल्यावर काही सांगता येत न्हाई," महारुद्र म्हणाला.

झालं. त्या एका वाक्यात हौदातलं सगळं पाणी संपलं. कुंपणावरून माना काढून उभ्या असलेल्या बायका लगेच बोलायला लागल्या. ते पाणी घरात नेऊ नका बाई, विष उतरलं असंल, चहालासुद्धा घेऊ नका. महारुद्रनं बाह्या वर सारल्या. "हौद उपसावा लागंल. तळाला बसला असणार."

हौद उपसायचा? कालचं पाणी? "जावईबापू, आधी जेवून घ्या. धोंडे तयार हायेत. गरम गरम."

"न्हाई मामा. साप धरल्याबिगर मी पानावर बसणार न्हाई."

"आवो, पण पाणी..."

"बन्सीभाऊ," अंगदनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "धोंड्याचा जावई म्हंजे साक्षात नारायण. आपुन पाय धुतो, पूजा करतो, ते कामून? नारायणानं घरी येऊन पहिला शब्द टाकला, अन् तुमी मोडायलाव?" मग एकाएकी त्याला पुढचं सुचलं आणि तो स्वतःच चाट पडला. "आरं! नारायण आला, म्हून मागून शेष आला! आणा रे, कुंकू आणा!"

आता नारायण आणि शेष दोघंही एका बाजूला झाल्यावर हायस्कुलातल्या क्लार्कनं करायचं काय? पाच मिनिटांत हौदाच्या काठाला हळदकुंकू लागलं आणि कुणीतरी नारळ फोडला. नारळाचं पाणी हौदात पडलं. तेवढंच त्या दिवशी हौदात पडलेलं पाणी.

बन्सीधररावांना एकच आशा उरली होती. बायको. बायनाबाई आपलं पाणी कुणाला उपसू देणं शक्य नव्हतं, मग तो नारायण असो की आणखी कुणी. ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. वाटलं, सगळं खरं सांगून टाकावं, तीच काहीतरी मार्ग काढील. पण आत अर्पिता आईच्या गळ्यात पडलेली.

"मम्मी, ह्यांनी सेलूला फोन लावला होता. मामंजी म्हणाले, तुझ्या बापात हिंमत हाय म्हून. मम्मी, खुद्द मामंजी म्हणाले!" तिला दारात बाप दिसला. "पप्पा, आता ते लग्नाचं शूटिंग कुणी लावणार न्हाई बघा."

तिचा चेहरा असा फुललेला होता की लग्नातसुद्धा नव्हता. (लग्नात कसा असणार? बाप व्याह्याच्या मांडीवर होता.) बन्सीधररावांच्या तोंडातलं खरं पुन्हा घशात गेलं. त्यांनी केविलवाण्या नजरेनं बायकोकडे बघितलं. "हौद उपसायचाय म्हणतेत," ते म्हणाले. "सगळा."

आता ही कडाडणार, म्हणून ते वाट बघत राहिले. बायनाबाईंनी गॅस बारीक केला, पदराला हात पुसले.

"जावई म्हणतेत ना," त्या म्हणाल्या. "मंग उपसा."

ज्या बाईनं भावाला चूळ झाडाखाली भरायला लावली, तिनंही साथ सोडली. या जगात आता आपलं कुणी नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

मोटार लावली तर साप पंख्यात सापडेल, म्हणून महारुद्रनं मोटार लावू दिली नाही. बादल्यांनी उपसायचं ठरलं. आणि साप ज्यानं बघितला त्याचा मान म्हणून पहिली बादली बन्सीधररावांच्या हातात दिली. स्वतःच्या हातानं त्यांनी ती दारापुढच्या नालीत ओतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी अंगदनं ओतली, तिसरी कुणी, चौथी कुणी. बादली जाताना बघून बन्सीधररावांना दिसायचं, ही गेली अंघोळ. हे गेलं धुणं. ही सकाळच्या चहाची गेली, दुपारच्या चहाचीही तिच्यातच गेली. ऐन उन्हात गल्लीतून झुळझुळ ओढा वाहायला लागला. एक कुत्रं येऊन त्यात पोट टेकवून बसलं आणि त्यानं सुखानं डोळे मिटले. सगळ्या गावात त्या घडीला सुखी असं ते एकटंच होतं. बन्सीधररावांना वाटलं, त्याच्या शेजारी जाऊन आडवं व्हावं आणि पुन्हा उठूच नये.

अर्पितानं गप्पी मासे गाळून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरले. उन्हं कलेपर्यंत हौदात घोटाभर चिखल राहिला. साप कुठंच नव्हता.

"असणार," महारुद्र म्हणाला. "नळाच्या पायपाच्या मागं असणार. सगळे मागं व्हा. अर्पिता, फोन चालू कर. लाईव्ह जाऊ दे."

फोनवर सेलू, परभणी आणि आणखी कुठकुठले लोक बघायला लागले. महारुद्रनं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काठी घेऊन हौदात उतरला. वरून फक्त त्याची पाठ दिसत होती. तो खाली वाकला. पायपाच्या मागे हात घातला. बन्सीधररावांनी डोळे मिटून घेतले. आता काही क्षणांत सगळं उघडं पडणार होतं. आता तो काढणार, वर धरणार आणि म्हणणार, मामा, हा तर कोळी. मग लेकीचा चेहरा.

आणि हौदातून आवाज आला.

तोच. सकाळचाच. सूर तोच, लांबीही तीच. अंगदच्या म्हशीनं पुन्हा हिसका दिला. महारुद्र छातीएवढ्या हौदातून हाताचा आधारही न घेता बाहेर आला आणि चार पावलं उलटा पळून लिंबाच्या खोडाला पाठ लावून उभा राहिला. काठी आतच राहिली. दोन्ही हातांनी तो बाही झटकत होता, मान झटकत होता.

"काय झालं? पाव्हणं, काय झालं?"

महारुद्रचा चेहरा पिठासारखा पांढरा. त्यानं एकदा लोकांकडे बघितलं. मग अर्पिताच्या हातातल्या फोनकडे. मग घरातून आरपार पलीकडे, दारातल्या मोटारसायकलकडे, जिच्या मागे लाल अक्षरात सगळं लिहिलेलं होतं.

"साप," महारुद्र म्हणाला.

"धरला?"

"निसटला. पायपात गेला. लय चपळ."

"कसा होता?" अंगदनं विचारलं.

महारुद्रनं सासऱ्याकडे बघितलं. सासऱ्यानं त्याच्याकडे. "मामांनी सांगितला तसाच," तो म्हणाला. "तंतोतंत."

एकच गलका झाला. लोकांनी बन्सीधररावांना धरून हलवलं, अंगदनं तर उचललंच. अर्पिता फोन तसाच धरून रडत हसत होती. आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांनी त्यांना शूर म्हटलं, आणि तेवढ्यापुरतं त्यांनाही खरं वाटलं, खोटं कशाला सांगा. मग त्यांची नजर कोरड्या हौदात गेली आणि ते पुन्हा जमिनीवर आले.

जेवायच्या आधी जावयाचे पाय धुवायचे असतात. महारुद्र पाटावर बसला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. घरात पाणी होतं ते फक्त पिण्याच्या माठात, तळाला. बायनाबाईंनी त्यातला एक तांब्या भरून आणला आणि काही न बोलता नवऱ्याच्या हातात दिला. चिखल एवढा, पाणी एवढंसं. बन्सीधरराव बोटानं चोळत चोळत पाय धुवायला लागले. अंगद आणि बाकीचे ओसरीवर सापाच्या गप्पा मारत होते, बायका पानं वाढत होत्या. महारुद्र हळूच खाली वाकला.

"मामा," तो कानाशी कुजबुजला, "तुमच्या सापाला पाय किती होते?"

बन्सीधररावांनी मान वर केली नाही. "तुमच्या सापाला होते तेवढेच," ते म्हणाले.

महारुद्रनं ओसरीकडे एकदा बघून घेतलं.

"माझ्या बाहीतून वर चढला हो, मामा. झटकला तसा परत हौदात पडला. अंगाला अजून..."

"बोलू नका. मला आठवायलंय."

"अर्पिताला..."

"मेलो तरी न्हाई."

महारुद्रनं सासऱ्याचा हात धरला आणि दाबला. सासरा-जावई एवढे जवळ कधी आले नव्हते. महारुद्रनं कसेबसे दोन धोंडे खाल्ले, अनारशांचं ताट फडक्यात बांधून घेतलं, आणि दुकान उघडायचंय म्हणून दिवस मावळायच्या आत अर्पिताला घेऊन निघालासुद्धा. मागच्या अंगणाकडे त्यानं पुन्हा पाय टाकला नाही. काठी तुमच्याकडंच राहू द्या म्हणाला.

घर रिकामं झालं. जेवणाची भांडी पाटीत घालून बायनाबाई कुठंतरी घासायला घेऊन गेल्या, बऱ्याच वेळानं लखलखीत करून परत आल्या. बन्सीधरराव लिंबाखाली बसून कोरड्या हौदाकडे बघत होते. माठात थेंब नव्हता. नळ यायला अजून आठवडा तरी होता. घसा कोरडा पडलेला, पण पाणी मागायचं कुठल्या तोंडानं?

"ऐक," ते शेवटी म्हणाले. "साप नव्हता."

"मला मालूम हाय," बायनाबाई म्हणाल्या.

"मालूम हाय?"

"होळीपासून हाय ते हौदात. डास खातंय, अळ्या खातंय, एखादा मासा धरतंय. गरीब हाय बिचारं. मी पाणी काढताना बाजूला सरकून बसतंय. पाण्यावर बसणारा साप म्हणल्याव मला कळंना व्हय?"

"मंग बोलली कामून न्हाईस?" बन्सीधररावांचा आवाज चिरकला. "हौद जायला लागला तवा तरी बोलायचं! मी तुझ्याच भरवशावर होतो!"

बायनाबाई थोडा वेळ पाटीतली भांडी पालथी घालत राहिल्या. "पोरगी किती खूष झाली होती," त्या म्हणाल्या. "अन् तुमी बी. लग्न झाल्यापसून पयल्यांदा तुमी जावयाम्होरं मान वर करून हुबे होता. म्हणलं, जाऊ दे पाणी. पाणी काय, परत येतंय."

ही बाई. थेंब थेंब जपणारी ही बाई. तिनं आपला अख्खा हौद नवऱ्याच्या इज्जतीवरून ओवाळून टाकला, आणि आपण तिला मनातल्या मनात काय काय म्हटलं. ते उठले. टोपी झटकून डोक्यावर घातली.

"नळ येईपर्यंत घरातलं सगळं पाणी मी आणणार," ते म्हणाले. "तू हात लावायचा न्हाईस. रोज, सकाळ-संध्याकाळ. अंगदच्या मळ्यातल्या विहिरीवरून मी शेंदून आणणार."

"खरंच म्हणायलाव?"

"खरंच. शब्द हाय माझा."

बायनाबाईंना मनापासून बरं वाटलं. त्यांनी आतून दोन घागरी आणल्या, दोर आणला, सगळं त्यांच्या सायकलला बांधूनही दिलं. बन्सीधररावांनी मोठ्यानं खाकरून टांग टाकली.

"बरं आठवलं," त्या म्हणाल्या. "ते बिचारं कोरड्या हौदात तडफडायलं होतं. पाण्याबिगर कसं जगावं त्यानं? म्हून मगाशी भांडी घासाया गेले तवा डब्यात घालून नेलं, अन् तिथंच सोडून आले."

बन्सीधररावांचा पाय पायडलवरच थांबला. "तिथंच म्हंजे?"

"अंगदभाऊच्या विहिरीत. शेंदायच्या जाग्यापशीच बसलंय, कपारीला. चांगलं रमलंय." बायनाबाईंनी घागरीचा दोर एकदा ओढून बघितला. "आन् हे बगा, वरडावं वाटलं तर खुशाल वरडा. पण साप म्हणू नका. त्या बिचाऱ्याला अख्खी विहीर उपसाया लावताल."